पिल्लू आणण्याआधी त्याची आई बघा

"लॅबचं पिल्लू, ४५ दिवस, हेवी बोन, विदाउट पेपर, होम डिलिव्हरी मिळेल. आज बुक केल्यास रेट कमी होईल." असा मेसेज येतो, सोबत डोळे किलकिले करून बघणाऱ्या पिल्लाचा फोटो असतो. घरातली मुलं फोटो मोठा करून बघतात आणि संध्याकाळपर्यंत नावसुद्धा ठरतं. हा लेख त्या संध्याकाळच्या आधी वाचायचा आहे.

मेसेज पुन्हा वाचा. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही भरलेले नाहीत, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला भारतात नियमाने बंदी आहे. होम डिलिव्हरी म्हणजे ते जिथे जन्मलं ती जागा तुमच्या नजरेस पडणार नाही. 'आज बुक केल्यास' म्हणजे तुम्ही उद्यापर्यंत विचार केलेला विकणाऱ्याला परवडत नाही. 'हेवी बोन' ही बाजारातली बोली, तिला वैद्यकीय अर्थ काही नाही. आणि एवढ्या सगळ्यात पिल्लाच्या आईबद्दल एक अक्षर नाही. खरं तर चौकशी तिचीच करायची असते, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त हाल तिचे होतात.

पपी मिल आपल्याकडे कशी असते

पपी मिल म्हणजे नफ्यासाठी कुत्र्यांकडून सतत पिल्लं काढून विकण्याचा धंदा. हा प्रकार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात, दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथल्या शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यांत कुत्री ठेवून पिल्लं काढायला सुरुवात केली. आपल्याकडे एवढी मोठी शेड क्वचितच असते, म्हणून ती ओळखू येत नाही. शहराबाहेर पत्र्याची खोली, फार्महाऊसची मागची बाजू, इमारतीची गच्ची, कधी कधी तर वन बीएचकेची ग्रिल लावलेली बाल्कनी. चार-सहा माद्या, एखाद-दुसरा नर. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गर्भ ६३ दिवसांचा असतो. दर माजाला 'क्रॉस' करायचं, म्हणजे नराशी जुळवायचं, पिल्लं पाचव्या-सहाव्या आठवड्यात खपवायची, की पुढच्या माजाला मादी पुन्हा मोकळी.

पिल्लं इतक्या लवकर का खपवतात, हे समजलं की बाकीचा हिशेब आपोआप कळतो. पाचव्या आठवड्यापर्यंत ती मुख्यतः आईच्या दुधावर असतात, म्हणजे मालकाचा खर्च जवळपास शून्य. त्यानंतर खाणं सुरू होतं, जंताचं औषध आणि लसी येतात, घाण वाढते. शिवाय लहान पिल्लू जास्त गोंडस दिसतं. म्हणजे प्रत्येक जादा आठवडा विकणाऱ्याच्या खिशातून जातो, आणि पिल्लासाठी मात्र तेच आठवडे मोलाचे असतात. चावण्याचा जोर किती ठेवायचा, दुसऱ्या कुत्र्याशी कसं वागायचं, हे ते आई आणि भावंडांकडून याच काळात शिकतं. फार लवकर तोडलेलं पिल्लू पुढे घाबरट किंवा चावरं निघालं, की दोष 'जातीला' दिला जातो.

मादी पाच-सहा वर्षांची झाली, पिल्लं कमी देऊ लागली, की ती नकोशी होते. प्राणी संस्थांच्या दारात बांधून ठेवलेल्या, हायवेच्या कडेला सोडलेल्या जातिवंत कुत्र्यांमध्ये अशा माद्या असतात. ओघळलेली आचळं, जाळीवर उभं राहून फाकलेले पंजे, आणि जिना पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बावरलेली नजर.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा. त्याखाली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे वेगळे नियम केंद्राने २०१७ मध्ये काढले, आणि पेट शॉपचे नियम २०१८ मध्ये आले. नवख्या माणसाने त्यातलं एवढं लक्षात ठेवावं. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मधला दलालही यातून सुटत नाही. मादी १८ महिन्यांच्या आत किंवा आठ वर्षांनंतर वापरायची नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आत विक्री नाही. विकण्याआधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप), लस आणि जंताचं औषध झालेलं हवं. रस्त्यावर, बाजारात मांडून जागच्या जागी विक्री नाही. सहा महिन्यांवरचा कुत्रा नसबंदीशिवाय विकायचा झाला तर तो फक्त दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरलाच.

नियम चांगलेच आहेत. पण १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आजही १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपये! एका पिल्लाच्या किमतीत असे शेकडो दंड भरून होतील. म्हणून सरकार येऊन हे बंद करील याची वाट बघण्यापेक्षा गिऱ्हाईकाने पाय मागे घेणं जास्त परिणामकारक आहे, असं माझं मत आहे.

पहिली पायरी: घरात बसून ठरवायच्या गोष्टी

कुत्रा दहा ते पंधरा वर्षं जगतो. आज चौथीत असलेली मुलगी, जिच्या हट्टासाठी तो आणताय, ती त्याच्या म्हातारपणी शिकायला दुसऱ्या गावी असेल. तेव्हा सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार, हे आत्ताच ठरवा. बहुतेक घरांत ती जबाबदारी शेवटी आईवर किंवा आजोबांवर पडते. त्यांना विचारलंय का? गणपतीला गावी जाताना तो कुठे राहील? दिवाळीत फटाके सुरू झाले की त्याच्याजवळ कोण बसेल?

भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाची परवानगी लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या. 'हो हो, ठेवा की' हे तोंडी वाक्य अकरा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. स्वतःचं घर असेल तर सोसायटी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही. बहुमताने ठराव केला तरीही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलं आहे. मात्र खाली नेताना पट्टा, घाण उचलायला पिशवी आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्याला आधी जाऊ देणं, हे आपण पाळलं तर तो कागद काढायची वेळच येत नाही.

जात निवडायचीच असेल तर हवा बघून निवडा. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे दुहेरी केसांचा हस्की ठेवायचा म्हणजे त्याला वर्षातले काही महिने एसीच्या खोलीत कोंडायचं. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांचं नाक पिढ्यानपिढ्या आखूड करत आणलंय, त्यामुळे त्यांना श्वासच नीट घेता येत नाही. कुत्रा धापा टाकून शरीर थंड करतो, आणि यांना तेच जमत नाही. लोकांना त्यांचं घोरणं गोड वाटतं.

पगवरून आठवलं. २००३ मध्ये हच कंपनीच्या मोबाईल जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि पुढची काही वर्षं सगळ्यांना पगच हवा होता. मागणी एकदम वाढली की शहाणा ब्रीडर वेतं वाढवत नाही. ती वाढवतात मिलवाले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जाती पाळा असं सांगितलं. चांगलं झालं. पण तेव्हापासून मुधोळ, कारवान, राजपालयम यांच्याही 'पप्पी उपलब्ध' अशा जाहिराती दिसू लागल्या. लातूर-सोलापूरकडचा कारवान हा शिकारीसाठी मैलोन्‌मैल धावणारा कुत्रा. तो देशी आहे म्हणून पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आपोआप रमेल असं नाही.

दुसरी पायरी: आधी दत्तकाची वाट बघा

गावठी कुत्रा आपल्या हवेत हजारो वर्षं निवडला गेलेला आहे. कातडी बळकट, पचन चांगलं, आखूड केस, आणि अक्कल भरपूर. राखण करायला लागतो तेवढा संशयीही असतो. 'गावठी' म्हणून नाक मुरडणारे लोक त्याच्याकडे 'इंडी' म्हणून आता थोडं आदराने बघतात, ठीक आहे, तसं तर तसं.

मुंबईत परळचं बॉम्बे एसपीसीएचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, वर्ल्ड फॉर ऑल, पुण्यात 'रेस्क्यू' नावाची संस्था, गोव्यात आसगावचं इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू ही सुरुवात करायला ओळखीची नावं. छोट्या शहरांत संस्था नसली तरी दोन-चार माणसं हे काम करत असतात. तिथल्या पशुवैद्यकाला विचारलं की त्यांचे फोन मिळतात. जातिवंतच हवा असेल तरीही आधी इथेच विचारा. बदली झाली, बाळ झालं, घटस्फोट झाला, अशा कारणांनी सोडून दिलेले लॅब, जर्मन शेफर्ड, पॉम नेहमी असतात.

संस्था तुमची मुलाखत घेतील. आधार कार्ड मागतील, घर बघायला येतील, खिडक्यांना जाळी आहे का विचारतील, नसबंदी करण्याचं लिहून घेतील. काही लोकांना याचा राग येतो ('आम्ही उपकार करतोय आणि वर चौकशी!'). मला उलट चौकशी न करता कुत्रा देणाऱ्याची काळजी वाटते. असा कुत्रा कुठून आला आणि मागचा कुठे गेला, हे त्याला ठाऊक नसतं. संस्थेने लस, नसबंदी यांचा खर्च मागितला तर त्यात गैर नाही. मात्र 'गोल्डन रिट्रीव्हर फ्री अ‍ॅडॉप्शन, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे भरा' असं आलं तर ती बहुतेक फसवणूकच. आधी गाडीभाडं, मग विमा, मग पिंजऱ्याचे पैसे, मग फोन बंद.

पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा कुत्रा सुचवतो. त्याचा आकार, स्वभाव, लहान मुलांशी वागणं, सगळं समोर असतं. शी-शू कुठे करायची हे बहुतेकांना लवकर कळतं. रात्री दोनला उठावं लागत नाही. लळा लागत नाही म्हणतात, ते खरं नाही. वेळ जास्त लागतो एवढंच. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. त्याला तसं बसू द्या.

रस्त्यावरचं पिल्लू उचलायचं असेल तर आधी आई जवळपास आहे का बघा. आई असेल तर आठ आठवडे होईपर्यंत त्यांना तिथेच खायला घाला. तिच्या कानाचं टोक कापलेलं नसेल तर तिची नसबंदी व्हायची आहे, ती करून घ्या. नाहीतर पुढच्या मोसमात पुन्हा सहा पिल्लं त्याच गाड्यांखाली असतील. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायला महापालिकेकडे अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली आहे, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. 'घरी जमलं नाही तर परत सोडू' हा विचार मनात असेल तर आत्ताच थांबा.

तिसरी पायरी: विकत घ्यायचंच असेल तर फोनवर विचारायचं ते

विकत घेणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो असं मी मानत नाही. चांगले ब्रीडर आहेत. थोडे आहेत, आणि त्यांच्याकडे पिल्लासाठी थांबावं लागतं. एका जातीवर, फार तर दोनवर काम करणारा, वर्षाला मोजकीच वेतं घेणारा माणूस. ज्याच्याकडे लॅबपासून चिवावापर्यंत सगळं 'स्टॉकमध्ये' आहे तो ब्रीडर नव्हे, व्यापारी.

पहिला प्रश्न: राज्य मंडळाचा नोंदणी क्रमांक काय? दुसरा: पिल्लांची आई तुमच्याकडेच आहे का, आणि मी येईन तेव्हा दिसेल का? तिचं वय किती, हे कितवं वेत, मागचं कधी झालं? पिल्लं कोणत्या तारखेला जन्मली? लॅब किंवा शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढलाय का? शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवा: उद्या आम्हाला सांभाळणं जमलं नाही तर तुम्ही परत घ्याल का? चांगला ब्रीडर या प्रश्नावर 'घेईन' म्हणतो आणि मग तुम्हालाच प्रश्न विचारायला लागतो. घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का, तो कसा गेला. मिलवाला विचारतो, 'कधी येताय? कॅश की ऑनलाईन?'

'केसीआय पेपर आहेत' हे उत्तर नोंदणीच्या प्रश्नाला चालत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया पिल्लाच्या वंशावळीची नोंद ठेवतो. आई कोण, बाप कोण, चिपचा क्रमांक काय. ती जागा स्वच्छ आहे, आईला वर्षात एकच वेत झालं, पिल्लू निरोगी आहे, यातलं काही तो कागद सांगत नाही. आणि 'पेपर नकोत तर पाच हजार कमी' असं म्हणणाऱ्याकडे पेपर असण्याची शक्यताच कमी असते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष जाऊन बघणं

'मी समोरच्या चौकात पिल्लू घेऊन येतो', 'पेट्रोल पंपावर भेटू', 'पावसात तुम्हाला कशाला त्रास' यातलं काहीही मान्य करू नका. जिथे जन्मलं तिथेच बघायचं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, औषध देऊन झोपवलेलं पिल्लू दुसऱ्या शहरातून येतं. ते उतरतं तेव्हा अंगात पाणी राहिलेलं नसतं.

गेल्यावर आधी नाक वापरा. फिनाईलचा उग्र वास आणि त्याखाली लघवीचा कुबट वास असा दुहेरी थर असेल तर तुम्ही येणार म्हणून सकाळी धुलाई झाली आहे. मग आई. ती पिल्लांजवळ जाते का? पिल्लं तिला लुचायला धावतात का? तिची आचळं दुधाची दिसतात का? कारण दुसरीच एखादी गुटगुटीत मादी 'आई' म्हणून दाखवायची पद्धत आहे. तिला पिल्लांशी काही देणंघेणं नसतं, ती दाराकडे बघत बसते. मालकाने हात उचलला की ती दबते का, हेही बघा. 'आई गावाला आहे', 'आई चावते म्हणून आत बांधलीय', 'आई बाळंतपणात गेली' यातलं एखादं कारण कधीतरी खरं असू शकतं. पण तुम्ही त्या दिवशी पिल्लू न घेता परत या.

पिल्लू हातात घ्या, मग भावंडांमध्ये परत ठेवा आणि पाच मिनिटं फक्त बघत बसा. डोळ्यांत चिपडं, नाकातून शेंबूड, खोकला, फुगलेलं टणक पोट (जंत), कानाच्या कडांना खवले (खरूज), कातडीला चिकटलेल्या गोचिडी. एकच पिल्लू नव्हे, सगळी बघा, कारण पार्वो आणि डिस्टेंपर (पिल्लांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार) एकाला झाला तर उरलेल्यांना लागलेलाच असतो. वय तपासायला तोंड उघडा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात मागच्या दाढांसकट आलेले असतात. पुढचेच चार इवलेसे दात आणि चालताना मागची बाजू डुलतेय, तर 'दोन महिन्यांचं आहे' हे खोटं.

लसीचं कार्ड नीट वाचा. प्रत्येक नोंदीजवळ बाटलीवरचं स्टिकर (बॅच क्रमांक, मुदत) आणि पशुवैद्यकाची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक हवा. तिथूनच त्या डॉक्टरला फोन लावा. विकणारा अस्वस्थ झाला की काय ते कळतं. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजची लसही टिकमार्क केलेली असेल, तर कार्ड बसल्या जागी भरलंय. ती लस साधारण तीन महिन्यांना देतात. चिप असल्याचं सांगत असतील तर स्कॅनर फिरवायला लावा आणि पंधरा आकडी क्रमांक कागदाशी ताडून बघा. डॉबरमनचे कान किंवा रॉटवायलरची शेपूट कापलेली दिसली तर पुढचं काही बघायची गरज नाही. केवळ दिसण्यासाठी अवयव कापणं ही क्रूरता आहे, आणि ज्याला त्यात काही वाटलं नाही त्याने बाकीच्या गोष्टीही तशाच केल्या असणार.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. तिथे एखादं मरतुकडं पिल्लू असेल. कोपऱ्यात, बाकीच्यांनी तुडवलेलं. तुमच्या मनात येईल, 'निदान याला तरी सोडवू.' विकणाऱ्याला हे माहीत असतं, कधी कधी ते पिल्लू मुद्दामच पुढे आणलं जातं. तुम्ही दिलेले पैसे त्याच्या आईच्या पुढच्या वेतासाठी भांडवल होतात. तिला पुन्हा क्रॉस करायचं की नाही, हे तुमच्या पाकिटावर ठरतं. निघून या. बाहेर गाडीत बसून तारीख, वेळ, जागा, काय काय दिसलं ते लिहून काढा आणि शेवटच्या पायरीकडे वळा. दयेपोटी केलेली खरेदी हीसुद्धा खरेदीच, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांपासून गल्लीतल्या पेट शॉपपर्यंत कितीतरी दुकानं तिच्यावरच चालतात.

सगळं मनासारखं असेल तरी त्याच दिवशी पिल्लू आणू नका. घरी या, झोपा, दुसऱ्यांदा जा. घेताना पावती लिखित घ्या: विकणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख, चिप क्रमांक, लसी आणि जंताच्या औषधांच्या तारखा, काय खातं त्याची माहिती. पैसे खात्यावरच पाठवा.

पाचवी पायरी: पहिले पंधरा दिवस

पहिल्या एक-दोन दिवसांतच तुमच्या स्वतःच्या पशुवैद्यकाकडे न्या. विकणाऱ्याने सुचवलेल्या नको. लसींचा क्रम डॉक्टर ठरवतील. साधारण सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत त्या चालतात. 'एक लस झालीय' म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं असं होत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीचा परिणाम खाऊन टाकू शकते. तोपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन जग दाखवा. पावसाळा तोंडावर असेल तर लेप्टोच्या लसीचं आठवणीने विचारा.

उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब, मलूलपणा दिसला तर सकाळची वाट बघायची नाही. पार्वो शरीरात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतो, डिस्टेंपरला एक आठवडा ते महिनाही लागतो. विकणारे जी दोन-तीन दिवसांची 'गॅरंटी' देतात ती बरोबर याच्या अलीकडे संपते. काही जण 'गेलं तर दुसरं देऊ' म्हणतात. दुसरं आणू नका. पार्वोचा विषाणू फरशीच्या फटींत, गाद्यांत, भांड्यांना महिनोन्‌महिने टिकतो. घरात आलेलं दुसरं पिल्लूही त्यातच सापडतं. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी अशा द्रावणाने धुवून ते दहा मिनिटं राहू द्यावं लागतं, आणि तरीही काही महिने जाऊ द्यावेत.

महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढून टाका. रेबीजच्या लसीचा दाखला त्यासाठी लागतोच.

सहावी पायरी: आपली कुत्री 'एकदा तरी' व्याली पाहिजे, असं काही नाही

सोसायटीत लॅब आहे असं कळलं की कोणीतरी येतंच, 'आमच्या फिमेलला क्रॉस मिळेल का?' मोबदला एक पिल्लू. हे घरगुती वाटतं, निरागस वाटतं, पण मिलचा बराच माल असाच गोळा होतो. सात पिल्लांपैकी दोन नातेवाइकांत जातात, उरलेली पाच कोण घेतं? एखादा 'ओळखीचा' घेऊन जातो, आणि त्यातली मादी पुढे कुठल्या तरी शेडमध्ये असते. मादीने एकदा तरी व्यायलं म्हणजे तिची तब्येत चांगली राहते, याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदी न केल्यास म्हातारपणी गर्भाशयात पू होऊ शकतो, ते दुखणं जीवघेणं असतं. शस्त्रक्रियेचं योग्य वय जातीनुसार थोडं बदलतं, डॉक्टरांना विचारा आणि तारीख घेऊन टाका.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून 'लूसीज लॉ' लागू आहे. वेल्समधल्या एका पपी फार्ममधून सुटका झालेल्या लूसी नावाच्या स्पॅनियल मादीवरून हे नाव पडलं. सहा महिन्यांखालचं पिल्लू तिथे दलाल किंवा दुकानदार विकू शकत नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून, आईसकट बघून, नाहीतर संस्थेकडून दत्तक. कॅलिफोर्नियात २०१९ पासून पेट शॉपना फक्त संस्थांकडून आलेलेच कुत्रे ठेवता येतात. तरी ऑनलाईन जाहिरातींचा धोका तिकडेही आहेच, आणि तपासायची रीत तीच.

शेवटची पायरी: तक्रार

भिंतीवरून उडी मारून, मालकाशी भांडून, लाईव्ह व्हिडिओ करून काही साधत नाही. रात्रीतून कुत्री दुसरीकडे हलवली जातात आणि तुमच्यावरच अतिक्रमणाचा गुन्हा दाखल होतो. जे रस्त्यावरून किंवा गिऱ्हाईक म्हणून उघड दिसलं तेवढंच नोंदवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, फोन नंबर, चॅट, पैसे पाठवले असतील तर त्याचा तपशील, जागेचा नेमका पत्ता, किती कुत्री दिसली, पाणी होतं का, आजारी किती. फेसबुकवर टाकण्याआधी हे सगळं लेखी द्या.

अर्ज राज्य प्राणी कल्याण मंडळाला, प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला आणि जिल्ह्यातल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला. सोबत स्थानिक पोलीस ठाण्यात. अर्जात '२०१७ च्या नियमांनुसार या ठिकाणची नोंदणी आहे का, याची तपासणी व्हावी' हे वाक्य जरूर घाला. क्रूरता सिद्ध करायला वेळ लागतो, नोंदणी आहे की नाही हे एका फायलीत दिसतं. प्राणी मेला किंवा कायमचा अधू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑनलाईन पैसे घेऊन पिल्लू दिलंच नाही, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. महिनाभरात काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. शक्य असेल तर एखाद्या नोंदणीकृत प्राणी संस्थेला आधीच सोबत घ्या, कारण छापा पडलाच तर त्या दिवशी संध्याकाळी पंधरा-वीस आजारी कुत्री ठेवायला जागा लागते, आणि ती जागा पोलिसांकडे नसते.